चौतीस विळ्यांची सुनावणी

तिसरी घंटा झाली असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर जातो.

समोर कामोठे गावातलं एक अंगण. वर ताडपत्रीचा मांडव, वेळ दुपारी साडेतीनची. डावीकडे तीन चुली आणि त्यांवर लहान मूल उभं राहील एवढाले टोप. उजवीकडे तांदळाच्या भाकऱ्यांची रास, पांढरीशुभ्र, अजून वाफ येणारी. आणि मधोमध गोल करून विळ्यांवर बसलेल्या चौतीस बायका. कांदा चिरला जातोय. चौतीस विळ्या एका लयीत चालल्या की जो आवाज होतो, तसं पार्श्वसंगीत माझ्या चाळीस वर्षांच्या नाटकधंद्यात कुठल्याच नाटकाला मिळालं नाही. संध्याकाळी या घरच्या हितेशची हळद आहे. बाराशे माणसं जेवायची आहेत.

आपली नायिका मात्र या प्रवेशात नाही. या जेवणाची ऑर्डर घेतलेली चंद्रावती बर्फाच्या लाद्या आणायला पनवेलला गेली आहे. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्या पाठीमागे झाला.

अंगणात एक बाई येतात. पस्तिशीच्या, सुती कुर्ता, खांद्याला बॅग, हातात पॅड आणि पेन.

"मी ऑफिसमधून आलेय," त्या म्हणाल्या. "मालक कोण आहेत?"

"मालकीन हाय. चंद्रावती. बर्फाला गेलीय, बसा," गंगाबाई म्हणाली. गंगाबाई म्हणजे हितेशची चुलती, आवाजानं अख्ख्या गावाची.

कुठलं ऑफिस, हे बाईंनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मागच्याच महिन्यात एका कंपनीच्या ऑफिसातून अशाच एक मॅडम आल्या होत्या आणि स्नेहसंमेलनाची तीनशे ताटांची ऑर्डर देऊन गेल्या होत्या. तेव्हा ऑफिसातून आलेली बाई म्हणजे ऑर्डर, हे सगळ्यांनी मनात पक्कं केलं. मीही केलं. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर चहा पीत बसलो होतो.

"या सगळ्या चंद्रावतींकडेच कामाला आहेत का?" बाईंनी विचारलं.

गंगाबाईनं आजूबाजूला नजर टाकली. आपल्या बाईकडे माणूसबळ कमी आहे असं ऑर्डर देणाऱ्यांना वाटू द्यायचं म्हणजे गावाची शोभा.

"मग? सगळ्या तिच्याच."

"चौतीसच्या चौतीस?"

"आज चौतीस. तुमचं काम मोठं आसंल तर सांगा, आनखी पन्नास आनू."

"किती वर्षांपासून आहात?"

"मी पयल्या दिसापासून," गंगाबाई म्हणाली.

"मी तिच्याही आदीपासून," पलीकडची म्हणाली, आणि तिसरीनं सांगितलं की तिची सासूही इथेच होती.

बाई नावं लिहून घेऊ लागल्या. बायकांनी नावं दिली, नवऱ्याची दिली, एकीनं मोबाइल नंबर देऊन वर सांगितलं, "दुपारी करा. सकाळी मना येळ नसतो." बाईंनी फोनवर फोटो काढले, तेव्हा पदर सारखे करून सगळ्या हसल्या. जाताना गंगाबाईनं भाकरी आणि वालाची भाजी बांधून पुढे केली. बाई नको म्हणाल्या, एक कागद भाकऱ्यांशेजारी वरवंट्याखाली ठेवला आणि निघून गेल्या.

तेव्हा कुठे गंगाबाईला शंका आली. "चव न बघता ऑर्डर देनारी ही कोन बाई?"

चंद्रावती बर्फ घेऊन आली, कागद वाचला आणि बर्फाच्या लादीवरच बसली. ती कामगार खात्याची तपासणी होती. त्या पद्मजा मॅडम, नुकत्याच विदर्भातून बदलून आलेल्या. कागदावर लिहिलं होतं: कामावर हजर कामगार चौतीस, नोंदणी नाही, विमा नाही, हजेरीपट नाही, पंधरा दिवसांत खुलासा करावा.

"काका," ती मला म्हणाली, "मी नऊ मोजून ठेवल्या होत्या."

आता हे नऊचं प्रकरण सांगायला हवं, म्हणजे चंद्रावतीही कळेल.

चंद्रावतीचं स्वयंपाकघर कामोठ्यात, उंच इमारतींच्या मध्ये उरलेल्या तिच्या सासरच्या घराच्या तळमजल्यावर. नवरा बंदरात क्रेनवर. आठवड्याचे सहा दिवस एकशे दहा डबे निघतात आणि लग्नसराईत हळदीची जेवणं. माझा डबा नवीन पनवेलला सात वर्षं तिच्याकडूनच येतो. एकट्या माणसाला त्यात एक भाकरी जास्त असते आणि तिचे पैसे कधी लागत नाहीत. टोप, चुली, बाराशे माणसं, यातलं काही तिला घाबरवत नाही. तिला घाबरवतो कागद. सगळी लायसन्सं तिनं तांदळाच्या जुन्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहेत, कीड लागू नये म्हणून. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. त्या दिवशी ती उपास धरते आणि रिटर्न गेल्याचा मेसेज आला की सोडते.

तिचा कर सल्लागार निनाद, तिशीतला, चटपटीत मुलगा. धंदा सुरू केला तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, "ताई, नऊ बायकांपर्यंत सोपं आहे. दहावी आली की विमा, नोंदणी, रजिस्टरं, सगळं मागे लागतं. विसाच्या वर गेलात तर भविष्यनिर्वाह निधी."

हे तिनं मंत्रासारखं धरलं. नऊ बायका ठेवल्या. विळ्या केल्या त्याही नऊ, सगळ्या एका सुताराकडून, पाटांना दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट लावून. कामाची गरज असलेली एखादी दारात आली की जेवू घालायची, दुसरीकडे चिठ्ठी द्यायची, पण आत घ्यायची नाही. "नऊ हाय, नऊच राहतील." रोज सकाळी ती मोजायची. लोक माळेचे मणी मोजतात तशी.

आणि आता कागदावर चौतीस.

दुसऱ्या दिवशी निनाद आला, कागद वाचला आणि पाणी मागितलं.

"ताई, हे असंच राहिलं तर चौतीस जणींची मागच्या सगळ्या वर्षांची देणी निघतील. स्वयंपाकघर विकलं तरी पुरणार नाही."

"पण बाकीच्या गावातल्या हायत. हळद आसली की घरटी एक बाई कांद्याला येते. रीत हाय ती. उद्या त्यांच्याकडं हळद आसली की मी जाईन."

"रीत हा पुरावा होत नाही. डॉक्युमेंट पाहिजे."

"कांदा चिरायला आली त्याचं डॉक्युमेंट कोन ठेवतं, निनाद?"

"त्यात यांनी स्वतः सांगून ठेवलंय, आम्ही सगळ्या हिच्याकडे कामाला."

गंगाबाई दाराशीच उभी होती. "आमाला काय म्हाईत? आमी तुझी इज्जत राखली."

"राखली," चंद्रावती म्हणाली. "आता ती कुठं ठेवू तेवढं सांग."

नऊ जणी भिंतीला टेकून ऐकत होत्या. स्वयंपाकघर बंद झालं तर पहिल्यांदा त्यांच्या चुली बंद होणार, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

माझ्या हातात काय होतं? तालीम. मी एक पानाचा खुलासा लिहिला आणि रोज दुपारी तिच्या स्वयंपाकघरात तिच्याकडून म्हणून घेऊ लागलो. मी पद्मजा मॅडम झालो, चष्मा नाकावर ओढून.

"माननीय अधिकारी महोदया, सामाजिक परस्परसाहाय्याच्या परंपरागत प्रथेस अनुसरून..." इथपर्यंत ती यायची आणि थांबायची.

"काका, ह्याच्यात श्वास कुठं घ्यायचा?"

"अनुसरूननंतर."

"तवर मी मरते."

प्रेक्षकांत सोनाबाई. सोनाबाई चंद्रावतीची आत्या, वडिलांची थोरली बहीण, पंच्याहत्तरीच्या आसपास. नवरा गेला, मूलबाळ नाही. भाचीनं धंदा काढला त्या सकाळी त्या बघायला म्हणून आल्या, एका कोपऱ्यात बसल्या आणि त्यानंतर त्या कोपऱ्यात दुसरं कुणी बसल्याचं मी पाहिलं नाही. तालीम चालू असताना त्या वाल सोलत आणि मला सूचना करत.

"काका, ती बाई एवढी गोड नव्हती. आवाज जरा तुटका काढा."

मी तुटका काढला.

"आता भूत वाटतं. मधलं काय तरी करा."

सातव्या दिवशी वाल संपले आणि त्यांना भोपळा चिरायचा होता. त्यांची विळी भिंतीशी होती. गुडघे वाकत नाहीत म्हणून तिच्या पाटाखाली दोन ठोकळे मारलेले. मी ती उचलून त्यांच्या हातात द्यायला गेलो.

"खाली ठेवा," सोनाबाई म्हणाल्या. "विळी हातात देत नायत. भांडन होतं."

"असं?"

"आनि दुसरीच्या विळीला तर हातच लावायचा नाय. म्हनून तर कुठं कांद्याला जायचं तर आपली विळी काखेत मारून जायची."

चंद्रावती माझ्या खुलाशाचं पान हातात घेऊन उभी होती. तिनं ते हळूच चुलीशेजारी ठेवलं. इतकं जवळ, की ते पेटलं. मला जरा लागलं.

"काका, त्या दिवशी चौतीस जनी बसल्या होत्या. विळ्या कुनाच्या होत्या?"

सुनावणीचा दिवस. सकाळचे अकरा. सरकारी इमारतीच्या आवारात हितेशचा टेम्पो शिरला, मागून दुसरा. नवा कोरा नवरदेव, हातावरची मेंदी अजून पुरती न उतरलेली, फाळका उघडून बायकांना हात देऊ लागला. एकेक उतरली, काखेत विळी. चौतीस. निनाद फाइल घेऊन आधीच उभा होता आणि ते दृश्य बघून त्यानं फाइल तोंडासमोर धरली.

दारावरचा पहारेकरी पुढे आला. "हत्यारं वर न्यायची नाहीत."

"हत्यार कंचं? ही विळी हाय," गंगाबाई म्हणाली.

"तिला पातं आहे."

"तुझ्या घरी बिनपात्याची हाय काय? मग तुझी बायको कांदा काय दातानं चिरते?"

तो हसला, पण दारातून हलला नाही. शेवटी निनाद वर जाऊन मॅडमना खाली घेऊन आला. त्या येईपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि विळी मांडून रिकाम्या हातानं बसणं या बायकांना जमत नाही. त्या दिवशीचे डबे दुपारी जायचेच होते, म्हणून टेम्पोत कांद्याचं पोतं होतं. गाड्या लावायच्या जागेत, जांभळाच्या झाडाखाली गोल बसून त्यांनी ते सुरू केलं.

पद्मजा मॅडम बाहेर आल्या तेव्हा पहारेकऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वरच्या खिडक्यांतून कारकून डोकावत होते आणि डोळे पुसत होते. मी अनेक करुण नाटकं केली, पण अख्खं सरकारी ऑफिस रडताना तेव्हाच पाहिलं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं आणि रुमाल काढला.

चंद्रावती पुढे झाली. माझा खुलासा राख झालाच होता. तिनं हात जोडले.

"मॅडम, तुमी त्या दिवशी फोटो काढलेत, त्यात विळ्या दिसतात. ज्या बायका माझ्याकडं कामाला हायत त्या माझ्या विळीवर बसतात. माझ्या विळ्यांचे पाट निळे. ज्या गावच्या हायत त्या घरून आपली विळी आनतात, काम झालं की घेऊन जातात. दुसरीची चालत नाय. आता तुमी बघा. मी काय बोलत नाय."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग फोन काढला. आणि सुरू झाली तपासणी. मॅडम गोलात फिरत होत्या, फोटो मोठा करून एकेका विळीशी ताडून बघत होत्या. गंगाबाईच्या पाटाला हिरवा पट्टा, फोटोतही हिरवा. एकीच्या पाटावर खिळ्यानं कोरलेलं, 'मामाकडून भेट'. एकीचा पाट माशाच्या आकाराचा, शेपटीसकट. एकीची विळी एवढी जुनी की पातं झिजून नखाएवढं उरलेलं. ती आजेसासूची, आणि तिच्यावरून तीन जावांत अजून बोलणं नाही. मॅडमना हेही ऐकावं लागलं.

"ही तुमच्या घरची?"

"घरची. बगा, नातवानं दात लावलेत इथं."

मॅडम हसल्या. पदरानं त्यांचे डोळे पुसायला पुढे झालेल्या गंगाबाईला त्यांनी अडवलंही नाही.

"चोवीस घरच्या," त्या शेवटी म्हणाल्या. "मला मान्य आहे. आता निळ्या मोजू."

निनादनं पहिल्यांदा श्वास सोडला. नऊ जणी एका बाजूला सरकून बसल्या होत्या. मॅडम बोट दाखवत मोजत गेल्या. सात, आठ, नऊ. बोट थांबलं आणि पुन्हा पुढे गेलं.

"दहा."

दहाव्या विळीवर सोनाबाई बसल्या होत्या. पाटाखाली दोन ठोकळे. पाट निळा. मी तो सात दिवसांपूर्वी माझ्या दोन्ही हातांत धरला होता, आणि चंद्रावती तर वर्षानुवर्षं बघत होती.

"ती स्पेअर आहे मॅडम," निनाद घाईनं म्हणाला.

"स्पेअर कंची?" सोनाबाई म्हणाल्या. "माझी हाय ती. चंद्रीनं मुद्दाम करून दिली, सहा वर्सं झाली."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"आत्या हाय मी तिची."

"बघा, नातं आहे," निनाद म्हणाला.

मॅडम चंद्रावतीकडे वळल्या. "म्हणजे यासुद्धा फक्त त्या हळदीला आल्या होत्या?"

एक 'हो' पुरे होतं. मी तरुणपणी विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंय. नट अडखळला की आपले ओठ आपोआप हलतात. माझे ओठ 'हो' म्हणत होते. निनादचेही. नऊ जणींच्या विळ्या थांबल्या होत्या.

चंद्रावतीनं सोनाबाईंकडे पाहिलं. सोनाबाई तिचं बघणं न बघता कांदा चिरत होत्या, बारीक, एकसारखा.

"नाय मॅडम," चंद्रावती म्हणाली. "आत्या रोज येते. सकाळी नऊला, माझ्या आधी. डाळ तीच निवडते, मसाला तिच्याच हातचा. मी रोज मोजत होते, पन मला नऊच पायजे होत्या. म्हनून दहावीला मी आत्या म्हनलं."

"पगार?"

"कधी दिला नाय. जाताना भाकरी न्यायची."

"एक दिस चुकला नाय माझा," सोनाबाई अभिमानानं म्हणाल्या, आणि निनादनं कपाळाला हात लावला.

मॅडम बराच वेळ पॅडवर लिहीत होत्या. मग त्यांनी वाचून दाखवलं. कामगार दहा. मालकिणीनं स्वतःहून सांगितलं म्हणून मागच्याबद्दल ताकीद. एक महिन्यात नोंदणी, दहाही जणींचा विमा, हजेरीपट, आठवड्याची रजा. चौतीसचा आकडा त्यांनी आडवी रेघ मारून खोडला.

"वाचलात," निनाद कुजबुजला. "पण ताई, दहा."

"दहा तर दहा," चंद्रावती म्हणाली, आणि तिथेच, जांभळाखाली, तिला हसू फुटलं. ते गंगाबाईला लागलं, मग सगळ्या गोलाला, मग खिडक्यांतल्या कारकुनांना. सगळे रडत हसत होते आणि कांदा अजून अर्धं पोतं बाकी होता. गंगाबाईनं मॅडमपुढे पुन्हा भाकरी आणि वालाची भाजी धरली. नियमात बसत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मात्र त्या भाजीत काय काय घालतात ते त्यांनी पॅडच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

शेवटचा प्रवेश पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा. निनाद नवा हजेरीपट घेऊन आला. नऊ जणींनी सह्या केल्या. दहावी ओळ रिकामी.

"मी नाय करनार," सोनाबाई म्हणाल्या. "मी भाचीकडं येते. मी काय नोकर हाय?"

"आज्जी, विमा मिळेल," निनाद म्हणाला. "गुडघ्यांचे उपचार होतील."

"गुडघे माझे हायत, सरकारचे नाय."

"आठवड्यातून एक दिवस सुट्टी. भरपगारी."

सोनाबाईंचा वाल सोलणारा हात थांबला. "म्हंजे घरी बसायचं, आनि पैसं?"

"हो."

"कोन देनार?"

"मी," चंद्रावती म्हणाली.

"तुला परवडंल?"

"आता मोजायचा दहाचा धाक नाय ना. दोन नव्या बायका घेते, हळदी जास्त घेते. बघू."

सोनाबाईंनी हात पदराला पुसले, पेन मागितलं आणि दहाव्या ओळीत नाव लिहिलं. एकेक अक्षर विळीच्या पात्यासारखं वाकडं आणि ठाम. नाटकाच्या जाहिरातीत माझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी तो कागद तीनदा वाचला होता. सोनाबाईंनी चार वेळा वाचला. मग विळी भिंतीशी उभी केली, चप्पल घातली आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "उद्या मी जरा आरामात येईन. आता नोकरीवाली हाय मी."

चंद्रावतीनं हजेरीपट मिटून तांदळाच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यावर ठेवला आणि झाकण लावलं.

"आत्या, नऊला ये. साडेनऊ झाले तर अर्धा दिस मांडीन."